आर्क्टिकच्या कॉन्फरन्सला जायचं असेल तर तयारी कुठून सुरू करायची

सगळ्यात आधी, कॉन्फरन्सची यादी उघडून तारखा बघत बसू नका. नवीन माणूस बहुतेक वेळा तिथूनच सुरू करतो, जी सोयीची वाटेल तिथे ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे आपल्या कामाचा छोटा सारांश, टाकतो आणि तिकडे पोचल्यावर कळतं की आपलं काम ज्यांनी ऐकायला हवं होतं ते लोक दुसऱ्याच गावात जमलेत. त्याआधी कागदावर दोन ओळी लिहा. माझ्याकडे काय आहे, आणि ते कुणाच्या कानावर जायला हवं. तुमच्याकडे समुद्री बर्फाच्या जाडीचा डेटा असेल आणि त्यातली पद्धत कुणीतरी तपासून द्यायला हवी असेल तर तो एक रस्ता, आणि तोच डेटा जहाजवाहतुकीचे नियम करणाऱ्यांपर्यंत जायला हवा असेल तर तो अगदी वेगळा रस्ता. दोन्ही एका फेरीत जमेल असं धरून चालू नका, क्वचितच जमतं.

शास्त्रज्ञांचं म्हणाल तर आर्क्टिक सायन्स समिट वीक, सगळे एएसएसडब्ल्यू म्हणतात, हे मुख्य. साधारण मार्चच्या आसपास, दरवर्षी वेगळ्या देशात. २०२४ ला एडिनबर्गला झालं, २०२५ ला अमेरिकेत बोल्डरला, आणि त्यालाच जोडून दर दहा वर्षांनी होणारी आर्क्टिक संशोधनाच्या नियोजनाची परिषदही होती. एप्रिलच्या आसपास व्हिएन्नाला ईजीयू, म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियनची सभा, तिथे हजारो लोक असतात पण बर्फ आणि समुद्राची सेशन्स इतकी नेमकी असतात की तुमच्याच उपकरणावर काम करणारा माणूस शेजारच्या पोस्टरला उभा सापडतो. समुद्रावरच काम असेल तर ओशन सायन्सेस मीटिंग, ती सम वर्षांत फेब्रुवारीत होते.

धोरणाकडे झुकायचं असेल तर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या ट्रोम्सोला आर्क्टिक फ्रंटियर्स, आणि ऑक्टोबरात रेक्याविकला हार्पाच्या काचेच्या इमारतीत आर्क्टिक सर्कल असेंब्ली. ही दुसरी आइसलँडचे माजी राष्ट्राध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रिम्सन यांनी २०१३ साली सुरू केली आणि तिथे मंत्री, कंपन्या, मूलनिवासी संघटना, विद्यार्थी सगळे एकाच जिन्यावर भेटतात. रजिस्ट्रेशन करून कुणीही जाऊ शकतं. फक्त इथे एकट्याच्या ॲबस्ट्रॅक्टपेक्षा अख्ख्या सेशनचा प्रस्ताव जास्त चालतो, म्हणून तीन-चार वेगवेगळ्या देशांतले लोक आधी जमवा.

संयुक्त राष्ट्रांची समुद्र परिषद मात्र वेगळंच प्रकरण आहे. २०१७ ला न्यूयॉर्क, २०२२ ला लिस्बन, २०२५ च्या जूनमध्ये नीस. तिथे एकटा संशोधक रजिस्ट्रेशन करून आत शिरू शकत नाही, मान्यताप्राप्त संस्थेच्या नावावरच जावं लागतं. म्हणून वर्षभर आधी आपल्या संस्थेला तशी मान्यता आहे का ते विचारा, नसेल तर ज्यांना आहे त्यांच्याशी बोला. नीसला मुख्य परिषदेच्या काही दिवस आधी त्याच शहरात शास्त्रज्ञांची वेगळी काँग्रेस भरली होती. अशी आधीची बैठक असली तर ती शोधाच, आपल्यासारख्यांना खरी जागा तिथे मिळते.

आता तारखांचं. कॉन्फरन्सची तारीख ही तुमची तारीख नाहीच, तुमची तारीख ॲबस्ट्रॅक्टची, आणि पैशांची मदत हवी असेल तर त्याच्याही आधीची. ईजीयू एप्रिल-मेमध्ये असतं पण ॲबस्ट्रॅक्ट साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत घेतात आणि ट्रॅव्हल सपोर्ट हवा असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्यावं लागतं, म्हणजे नाताळच्या सुट्टीत निवांत लिहू म्हणणाऱ्यांची मदत गेलेली असते. वेळ कुठल्या घड्याळाची आहे तेही बघा, ईजीयूची मुदत दुपारी १ ला संपते, म्हणजे मध्य युरोपातले १. माझी एक मैत्रीण रात्री १२ पर्यंत मुदत आहे असं धरून बसली होती, आणि तिने फाइल उघडली तेव्हा लिंक बंद. वर्षभराचं काम होतं ते. नवीन असाल तर एपेक्सचे मेल चालू करा, ध्रुवीय संशोधनात नव्याने आलेल्यांची जागतिक संघटना आहे, ग्रँटच्या बातम्या तिथे लवकर येतात.

ॲबस्ट्रॅक्टवर खरा वेळ घालवा. निम्मे ॲबस्ट्रॅक्ट 'आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापत आहे' या वाक्याने सुरू होतात. खरं आहे ते, १९७९ पासूनच्या नोंदींवरून हा वेग जवळपास चौपट निघतो, पण त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ते पाठ आहे आणि तुमची पहिली ओळ तिथेच वाया जाते. समजा तुम्ही बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शैवालावर काम करताय. शास्त्रज्ञांसाठी पहिलं वाक्य असं लिहा: 'बर्फावरचा हिमाचा थर पातळ झाला की खाली प्रकाश लवकर पोचतो, आणि आमच्या ठिकाणी शैवालाचा बहर किती दिवस आधी आला ते आम्ही मोजलं.' पुढे लगेच आकडा, त्यातली अनिश्चितता, पद्धत.

तेच काम धोरणाच्या सेशनला द्यायचं असेल तर सुरुवातच बदलते. मध्य आर्क्टिक महासागरात व्यावसायिक मासेमारी सुरू होण्याआधीच ती थांबवणारा करार आहे, २०१८ ला ग्रीनलँडमधल्या इलुलिसाटला सह्या झाल्या, २०२१ पासून लागू, नऊ देश आणि युरोपियन युनियन त्यात आहेत आणि मुदत सुरुवातीला १६ वर्षांची, म्हणजे २०३७ पर्यंत. त्या करारातच एकत्रित संशोधनाची तरतूद आहे. मग तुमचं वाक्य होतं, 'मासे उत्तरेकडे सरकतील का हे ठरवायला त्यांचं अन्न कधी तयार होतं ते माहीत हवं, आणि ती नोंद आमच्याकडे आहे.' डेटा तोच, पण आता समोरच्याला कळतं की हे आपल्या टेबलावरच्या कागदाशी जोडलेलं आहे. मला हा करार मनापासून आवडतो, कारण नुकसान व्हायच्या आधी देश एकत्र बसले असं समुद्राच्या बाबतीत फार वेळा घडत नाही.

असे धागे आणखी आहेत, जायच्या आधी निदान नावं तरी माहीत असू द्या. ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांसाठीची नियमावली, पोलर कोड, २०१७ पासून लागू आहे. आर्क्टिकमध्ये जड इंधन तेलावरची बंदी जुलै २०२४ पासून सुरू झाली पण काही जहाजांना २०२९ पर्यंत सवलत मिळू शकते, आणि ते तेल जळताना काजळी निघते, त्यामुळे काजळीवर काम करणाऱ्यांना सध्या ऐकणारे मिळतात. आणि खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार, २०२३ ला मंजूर झालेला, जानेवारी २०२६ पासून लागू झाला.

शब्द जपून वापरा, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. आपण 'बर्फमुक्त आर्क्टिक' म्हणतो तेव्हा आपल्या मनात सप्टेंबरमध्ये १० लाख चौरस किलोमीटरपेक्षा कमी बर्फ असतो, समोरच्या अधिकाऱ्याच्या मनात शून्य बर्फ आणि वर्षभर मोकळा जलमार्ग असतो. दोघं मान हलवतात आणि वेगवेगळं समजून घरी जातात. तसंच समुद्री बर्फ वितळला म्हणून पाणी चढत नाही म्हटलं तरी चालेल, कारण तो आधीच तरंगतोय. पाणी चढतं ते ग्रीनलँडसारख्या जमिनीवरच्या बर्फाने, तो सगळा गेला तर ७ मीटरच्या पुढे. प्रश्नोत्तरांत ही गल्लत हमखास येते, तेव्हा दोन वाक्यांत शांतपणे सांगता यायला हवं. आकडा दिलात तर महिना सांगा. सप्टेंबरचा नीचांक २०१२ चा, साधारण ३४ लाख चौरस किलोमीटर, आणि मार्च २०२५ ला हिवाळ्यातला बर्फ जेवढा कमी भरला तेवढा उपग्रहांच्या नोंदीत त्याआधी कधी नव्हता, पण तरी तो १४३ लाख होता. महिना न सांगता हे दोन आकडे शेजारी ठेवले तर ऐकणाऱ्याला वाटेल की बर्फ वाढला.

तिथे राहणाऱ्या लोकांबद्दलही. आर्क्टिक कौन्सिल या आर्क्टिक देशांच्या व्यासपीठावर आठ देशांबरोबर मूलनिवासींच्या सहा संघटना कायम सहभागी म्हणून बसतात, इन्युइट आणि सामी त्यातलेच. तुमचा डेटा त्यांच्या गावाजवळून आला असेल तर स्लाइडवर गावाचं नाव त्यांच्या भाषेत लिहा, परवानगी कुणी दिली ते सांगा आणि निकाल आधी तिथे पोचवला का याचं उत्तर तयार ठेवा. हा प्रश्न विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. कार्यक्रमात त्यांची सेशन्स असतील तर बोलायला नाही, ऐकायला जा.

व्हिसा लागत असेल तर शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, ग्रीनलँड, फेरो बेटं आणि स्वालबार्ड हे शेंगेनमध्ये नाहीत. कॉन्फरन्सनंतर स्वालबार्डला जायचं असेल तर नॉर्वेतून बाहेर पडून परत आत येणं धरलं जातं, म्हणून एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा. निमंत्रणपत्र ॲबस्ट्रॅक्ट मंजूर झाल्या दिवशीच मागवून ठेवा. ट्रोम्सोला हॉटेलंही आधीच बघा, नॉर्दर्न लाइट्स बघायला येणाऱ्यांचा तोच मोसम असतो, आणि तिथे रस्त्यांवर बर्फाचा थर असतो तेव्हा बुटांखाली लावायचे काटे घ्याच.

पोस्टर असेल तर बोर्ड उभा की आडवा ते आधी वाचा. मी पहिल्यांदा ए-झिरो या मोठ्या आकाराचं उभं पोस्टर घेऊन गेले आणि बोर्ड निघाला आडवा, खालचा एक फूट भाग लोंबकळत राहिला आणि मुख्य आलेख नेमका तिथे होता. येणारा प्रत्येक जण वाकून बघत होता आणि दोन मिनिटांत निघून जात होता. आता मी मुख्य आलेख नेहमी डोळ्यांच्या उंचीवर ठेवते, शीर्षकाच्या लगेच खाली, आणि शीर्षकातच निष्कर्ष लिहिते. पोस्टर कापडावर छापून घेतलं तर घडी घालून बॅगेत जातं, नळी सांभाळावी लागत नाही.

तिथे असताना रोज सगळ्या सेशन्सना पळू नका, दिवसाला तीन पुरे. ज्यांना भेटायचंय त्यांना दोन आठवडे आधी मेल करा, चार ओळींचा, आणि वेळ मागा ती २० मिनिटांची. जाणं शक्यच नसेल तर ऑनलाइन सहभाग आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी आता असतो, पण चहाच्या वेळेतल्या गप्पा त्यात मिळत नाहीत हे धरून भेटी वेगळ्या ठरवा.

परत आल्यावर आठवडाभरात पोस्टर झेनोडोवर, म्हणजे संशोधन फुकट ठेवता येतं त्या साइटवर, टाकून डीओआय (त्याची कायमची ओळख-लिंक) घ्या आणि ज्यांनी प्रश्न विचारले त्यांना ती लिंक पाठवा, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच मेलमध्ये लिहून. आणि २०३२-३३ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाची, म्हणजे अनेक देशांनी मिळून करायच्या ध्रुवीय संशोधनाच्या मोहिमेची, चर्चा या बैठकांत सुरूच आहे, तुमच्या विषयाचा गट तयार होत असेल तर त्याच मेलमध्ये विचारा की पुढची बैठक कधी आहे.