जॉर्जियाच्या लेक बर्टनमध्ये यलो पर्च कसा पकडायचा

यलो पर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर उत्तरेकडची गोठलेली तळी आणि बर्फाला भोक पाडून बसलेली माणसं येतात, पण हा मासा दक्षिणेतल्या धरणांच्या पाण्यातही मजेत राहतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात डोंगरात लेक बर्टन आहे, टलुला नदीवर १९२० च्या सुमारास वीज कंपनीने बांधलेल्या धरणाचा जलाशय, जुनं बर्टन गाव त्याच्याच पाण्याखाली गेलं. पाणी खोल आणि थंड, म्हणून पर्चला मानवतं. अटलांटाहून साधारण दोन तासांवर आहे, तिकडे राहणाऱ्या आणि नदीच्या, गोड्या पाण्याच्या माशाला नाक न मुरडणाऱ्या आपल्या लोकांनी थंडीत एकदा तरी जाऊन बघावंच.

आधी लायसन्स. १६ वर्षं आणि पुढच्या प्रत्येकाला राज्याचं फिशिंग लायसन्स लागतं, ऑनलाइन मिळतं, आणि त्या वर्षीचे नियम तिथेच वाचून घ्या. मोकासिन क्रीक स्टेट पार्कमध्ये बोट उतरवायला रॅम्प आहे, पार्किंगची फी वेगळी. काठावर बहुतेक खाजगी घरं आहेत त्यामुळे बोट किंवा कयाक असेल तर खूप सोपं जातं. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी भयंकर गार असतं, लाइफ जॅकेट बोटीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं.

सामान फार लागत नाही. हलका स्पिनिंग रॉड, ४ किंवा ६ पौंडी लाइन, ६ नंबरचे बारीक हुक, थोडं वजन, १/१६ ते १/८ औंसच्या जिग (डोक्याला शिशासारखं वजन असलेले हुक) आणि खोल पाण्यासाठी एकदोन छोटे चमचे, म्हणजे चमच्यासारखी चकाकणारी धातूची खोटी आमिषं. आमिषाला गांडूळ किंवा छोटे मिनो, म्हणजे बारीक मासे. पर्चचं तोंड लहान असतं, म्हणून अख्खं जाडजूड गांडूळ लावू नका, बोटाच्या पेरापेक्षा छोटा तुकडा पुरतो, नाहीतर तो टोकं कुरतडून निघून जातो आणि आपण वर हुक बघत बसतो.

आता मुख्य काम म्हणजे मासा शोधणं, सगळी मेहनत इथेच आहे. पर्च एकटा नसतो, झुंडीने फिरतो, आणि एका झुंडीत साधारण एकाच आकाराचे मासे असतात, त्यामुळे एका जागी बोटभर पिल्लंच येत असतील तर तिथे मोठ्याची वाट बघण्यात अर्थ नाही, जागा बदला. थंडीत मी पॉइंटच्या, म्हणजे पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकाच्या, बाजूने, जिथे तळ एकदम खाली उतरतो तिथे, २० ते ४० फूट पाण्यात सुरुवात करतो. फिशफाइंडरवर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) तळाला चिकटलेला पुंजका दिसला की बोट बरोबर त्याच्यावर थांबवायची. दहा-पंधरा मिनिटांत काही नाही तर पुढे चला, गळ टाकून दिवसभर एकाच जागी बसणं या माशाला लागू पडत नाही. आणि उजेडातच जा, पर्च नजरेने शिकार करतो, अंधार पडला की तळाशी गप्प पडून राहतो.

जिग सरळ खाली सोडा, तळाला टेकू द्या, एकदोनदा आपटा म्हणजे जरा गाळ उडतो आणि ते बघायला येतात, मग फूटभर उचलून हात एकदम स्थिर ठेवा. पर्च बहुतेक वेळा त्या थांबलेल्या क्षणीच घेतो आणि तेही इतकं हळू की लाइन किंचित जड झाल्यासारखी वाटते, एवढंच. जोरात झटका नको, मनगट वर घ्या आणि न थांबता रील फिरवा. एक लागला की लगेच परत खाली सोडा, झुंड पुढे सरकायच्या आत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी साधारण ७ ते १२ अंशांवर आलं की ते अंडी घालायला उथळात येतात, पाण्यात पडलेल्या झाडांवर, फांद्यांवर जिलेटीनसारख्या लांब फितीत अंडी सोडतात. तेव्हा काठावरूनही मिळतो. फांदीवर ती फीत दिसली तर ओढू नका प्लीज, पुढची पिढी आहे ती.

हातात धरताना डोक्याकडून मागे हात फिरवत पाठीचा पर दाबून धरा, काटे टोकदार असतात आणि कल्ल्यावरच्या झाकणाची कडही बोट कापते.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. खोलातून वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि असा मासा परत सोडला तरी बरेचदा जगत नाही. म्हणून खोल पाण्यात धरायचं आणि सोडायचं हा खेळ करू नका, घरच्यांना पुरेल एवढे झाले की लाइन गुंडाळा, कितीही चावत असले तरी. उरलेले मिनोही तळ्यात सोडायचे नाहीत, बाहेरचे मासे असे सोडल्यानेच तळी बिघडतात.

पकडलेले लगेच बर्फात टाका. खवले घट्ट असतात, ते काढत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे फिले काढून कातडी सोलून टाका. मांस पांढरं, घट्ट आणि वासाला अगदी कमी, त्यामुळे मसाल्याचा भडिमार नको: मीठ, हळद, तिखट, थोडं कोकमाचं आगळ, पंधरा मिनिटं मुरू द्या, रव्यात घोळवून तव्यावर. फिले पातळ असतात, एका बाजूला दोन-तीन मिनिटं बास.