रॉक बँडच्या पुरस्कारांची यादी कशी तयार करावी

मडगावच्या एका रॉक बँडच्या पंचविशीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत पुरस्कारांचे पान लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते एका दुपारचे असेल असे मी धरून चाललो होतो. ड्रमरच्या आईने माळ्यावरून दोन पोती खाली काढली आणि त्यांतून ढाली, चषक, दमटपणाने फुगलेल्या चौकटींतली प्रशस्तिपत्रे आणि कोणत्या तरी उद्घाटनाचे स्मृतिचिन्ह असे सगळे एकत्रच बाहेर आले. पान पूर्ण व्हायला दीड महिना लागला, आणि त्यातही एक चूक छापून गेली.

ती चूक एका ढालीमुळे झाली. तिच्यावरच्या पितळी पट्टीवर ‘प्रथम’ हा शब्द स्पष्ट होता, पण खालची ओळ हिरव्या कळकाखाली गेली होती. मी प्रथम पुरस्कार असे लिहून मोकळा झालो. स्मरणिका वाटून झाल्यावर बँडच्या जुन्या गिटारवादकानेच हसत सांगितले की, खाली ‘उत्तेजनार्थ’ असे होते. म्हणून पहिले काम असे की, प्रत्येक वस्तूची पुढून आणि मागून छायाचित्रे घ्यावीत, आणि पट्टीवर विजेरीचा झोत समोरून न टाकता बाजूने, तिरपा टाकावा, म्हणजे कोरलेल्या अक्षरांच्या कडांची सावली पडून ती वाचता येतात. घरची पितळी भांडी घासतो तशी चिंच किंवा सोलांचे पाणी लावून पट्टी घासू नये, कारण त्याने अक्षरांत भरलेला काळा रंग निघून जातो आणि उरलेलेही वाचता येईनासे होते.

वाचून झाले की प्रत्येक पुरस्काराची एक स्वतंत्र नोंद करावी आणि तीत पाच गोष्टी असाव्यात: देणारी संस्था, विभागाचे पूर्ण नाव, पुरस्कार कोणाला मिळाला, कशासाठी मिळाला आणि कधी मिळाला. यातल्या शेवटच्या तीन गोष्टींवर सगळ्यांत जास्त गोंधळ होतो.

‘कधी’ या प्रश्नाची उत्तरे अनेकदा दोन असतात. बीटल्सचे अखेरचे म्हणून गाजलेले गाणे नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला ग्रॅमी हा अमेरिकेतला संगीत पुरस्कार मिळाला तो २ फेब्रुवारी २०२५ च्या सोहळ्यात. नुसते वर्ष लिहिले, तर एक वाचक गाण्याचे वर्ष समजेल आणि दुसरा सोहळ्याचे. माझ्या मते सोहळ्याची तारीख मुख्य धरावी आणि कलाकृतीचे वर्ष शेजारच्या रकान्यात द्यावे. आपल्याकडच्या कागदांवर तारीखच नसेल, तर मथळ्याचा उपयोग होतो: प्रशस्तिपत्रावर ‘गोवा, दमण आणि दीव’ सरकार असे छापलेले असेल, तर ते साधारणपणे ३० मे १९८७ पूर्वीचे, म्हणजे गोव्याला राज्याचा दर्जा मिळण्याआधीचे, असे धरून शोध सुरू करता येतो.

‘कोणाला’ हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. फेब्रुवारी २०२४ च्या ग्रॅमी सोहळ्यात उस्ताद झाकीर हुसेन यांना तीन पुरस्कार मिळाले, पण त्यांपैकी शक्ती या बँडच्या नावावर एकच जातो. उरलेले दोन त्यांनी बेला फ्लेक, एडगर मायर आणि राकेश चौरसिया यांच्यासह केलेल्या कामाचे आहेत. शक्ती हा काही रॉक बँड नव्हे, पण हिशेब रॉकलाही हाच लागू होतो. आपल्या शिवोलीचे गायक रेमो फर्नांडिस यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, ती त्यांना व्यक्ती म्हणून. त्यांच्याबरोबर वाजवलेल्या मंडळींनी ती अभिमानाने सांगावी, पण आपल्या यादीत घालू नये. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतल्या मानाच्या यादीत बीटल्स बँड म्हणून १९८८ मध्ये गेले आणि पुढे चौघांचीही तेथे स्वतंत्र नोंद झाली, तेव्हा बँडच्या यादीत त्यांची एकच ओळ येते. बँडचे नाव मध्येच बदलले असेल, तर पुरस्कार ज्या नावाने मिळाला तेच नाव नोंदीत ठेवावे. मुंबईच्या रॉक मशीनचे इंडस क्रीड झाले, तसे आपल्या गावातल्या बँडचेही होते, आणि बरेचदा कारण एवढेच असते की आधीचे नाव दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असते.

विभागाचे नाव कधीही संक्षिप्त करू नये. १९८९ मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटल या रॉकच्या दोन जोरकस प्रकारांसाठी प्रथमच विभाग केला, पण दोन्हींसाठी मिळून एकच, आणि तो मेटॅलिका या मेटल बँडला मिळेल अशी सर्वांची अपेक्षा असताना जेथ्रो टल या दुसऱ्याच बँडला गेला. पुढच्याच वर्षी त्याचे दोन विभाग झाले आणि मेटलचा मेटॅलिकाला मिळाला. दोन्ही ठिकाणी ‘मेटलचा ग्रॅमी’ असे लिहिले, तर हा सगळा फरक नाहीसा होतो.

यानंतर नोंदींची प्रतवारी करावी. भजनी स्पर्धांमध्ये वाढलेल्या आपल्या वाचकाला ढाल, उत्तेजनार्थ बक्षीस आणि शाल-श्रीफळ यांतला भेद समजावून सांगावा लागत नाही, आणि रॉकमध्येही तोच भेद पाळावा. परीक्षकांनी किंवा मतदारांनी स्पर्धेत निवडले तो पुरस्कार, नुसते नाव पुढे आले ते नामांकन, आणि एकूण कारकिर्दीबद्दल दिला जातो तो सन्मान. क्वीनला स्पर्धेतला एकही ग्रॅमी मिळालेला नाही, मात्र २०१८ मध्ये त्यांना ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या बँडचे हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ‘ग्रॅमीविजेते’ हा शब्द त्यांच्या बाबतीत हमखास सैल वापरला जातो. खपाच्या आकड्यावर मिळणाऱ्या सोन्याच्या आणि प्लॅटिनमच्या तबकड्या हा चौथा प्रकार आहे आणि तो पुरस्कारच नव्हे. अमेरिकेत पाच लाख प्रतींना गोल्ड, दहा लाखांना प्लॅटिनम आणि एक कोटीला डायमंड असे प्रमाणपत्र मिळते. ब्रिटनमध्ये अल्बमला एक लाखावर गोल्ड आणि तीन लाखांवर प्लॅटिनम मिळते. म्हणजे देश लिहिल्याशिवाय ‘प्लॅटिनम’ या शब्दाला अर्थ नाही. शिवाय अमेरिकेत हे प्रमाणपत्र आपोआप येत नाही, ते कंपनीला मागावे लागते.

परत केलेला सन्मानही नोंदीतून वगळू नये. बीटल्सच्या चौघांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये ब्रिटिश राणीकडून एमबीई या किताबाचे पदक स्वीकारले आणि जॉन लेनन यांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये आपले पदक परत पाठवले. या दोन्ही तारखा शेजारी शेजारी हव्यात.

पडताळणीसाठी एका नोंदीला निदान दोन स्वतंत्र आधार असावेत, आणि बँडमधल्या दोघांची आठवण हे दोन आधार धरू नयेत, कारण वीस वर्षे एकाच गाडीतून फिरलेल्या माणसांची आठवण एकच झालेली असते. परदेशी पुरस्कारांसाठी त्या संस्थेची स्वतःची यादी पाहावी. गोव्यातल्या बीट शोंसाठी, म्हणजे बँडच्या जाहीर कार्यक्रमांसाठी, आणि महाविद्यालयीन स्पर्धांसाठी जुनी वर्तमानपत्रे हाच मार्ग आहे. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाताना महिना तरी नक्की करून जावे, नाहीतर मूळ काम बाजूला राहून दिवसभर तियात्रांच्या, म्हणजे कोकणी नाटकांच्या, जाहिराती वाचत बसण्याची वेळ येते. मराठी, इंग्रजी आणि कोकणी दैनिकांत बँडच्या नावाचे लेखन वेगवेगळे असते, म्हणून सगळी रूपे आधीच वहीत लिहून घ्यावीत.

शेवटी एकूण आकडा द्यायचा असेल, तर तो प्रकारानुसार द्यावा. यूटू या बँडचे २२ ग्रॅमी ही मोजणी स्वच्छ आहे, कारण देणारी संस्था एक आणि मोजले ते फक्त जिंकलेले पुरस्कार. उलट ‘४० हून अधिक पुरस्कार’ अशा ओळीत सहभागाची प्रमाणपत्रेही मिसळलेली असण्याची शक्यता मोठी असते. मडगावच्या बँडची पोत्यांतली संख्या ३१ होती आणि छाननीनंतर पुरस्कार ९ उरले. गायकाला ते सुरुवातीला रुचले नाही, मात्र बाकीच्या २२ वस्तूंना ‘सन्मान व सहभाग’ असे वेगळे अर्धे पान दिल्यावर त्याची तक्रार राहिली नाही.

वस्तू परत ठेवण्यापूर्वी प्रत्येकीच्या मागे यादीतला क्रमांक पेन्सिलीने लिहावा, प्रशस्तिपत्रे चौकटीतून काढून कोरड्या कागदात गुंडाळावीत, आणि पोती माळ्यावर न चढवता पावसाळ्यात वारा लागेल अशा कपाटात ठेवावीत.