वाळवंटात झाडं बघायला गाईडसोबत जाताय? मग एवढं करा

वाळवंटातल्या प्लांट वॉकला जाणार असाल तर किती किलोमीटर चालणार हे विचारूच नका. चांगला वॉक तीन तासांत जेमतेम दीड-दोन किलोमीटर होतो आणि तेवढं पुरतं, कारण बघण्यासारखं बरंचसं गुडघ्याच्या खाली असतं आणि भराभर चाललं की ते दिसतच नाही. बुकिंग करताना ग्रुप किती जणांचा आहे ते विचारा (माझं मत, दहाच्या वर नको), गाईडला झाडं कळतात की नुसती वाट माहितीये ते विचारा, आणि ठरलेल्या वाटेनेच नेतात का तेही. "कुठूनही चला, मोकळं रानच आहे" असं उत्तर आलं तर सरळ दुसरा गाईड बघा.

कारण ती जमीन मोकळी नसते. बऱ्याच वाळवंटांत झुडपांच्या मधे काळपट, खडबडीत, पापुद्र्यासारखा थर दिसतो, तो जिवंत असतो. सायनोबॅक्टेरिया (उन्हावर अन्न बनवणारे जिवाणू), दगडफूल, मॉस (अगदी बुटकी, शेवाळासारखी दिसणारी वनस्पती) हे सगळं मिळून वाळू धरून ठेवतं, हवेतला नायट्रोजन मातीत आणतं, आणि एका बुटाने तो थर मोडला की परत नीट बसायला कितीतरी वर्षं, कधी कधी अनेक दशकं लागतात. एका वॉकला गाईडने आम्हाला खाली बसवलं आणि बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब मॉसच्या एका जळक्या दिसणाऱ्या ठिपक्यावर टाकले. काळी मिटलेली बारीक पानं हळूहळू उलगडली आणि बघता बघता तो ठिपका हिरवा झाला, भिंगातून तर अगदी तारे उमलल्यासारखं दिसत होतं. पण हे सगळ्यांनी करून बघायचं नाही हं. थोडंच पाणी मिळालं की मॉस जागं होतं, साठवलेलं खर्च करतं आणि परत काही कमवायच्या आत वाळून जातं, असं वारंवार झालं तर मरतं. म्हणून ग्रुपमधे एकदाच, आणि तेही गाईडनेच.

मग चालायचं कुठून तर मळलेल्या वाटेवरून, एकामागे एक, नाहीतर ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, तिथे वाळू दर पुरात हलतच असते म्हणून फार नुकसान होत नाही. फक्त वर लांब कुठे ढग दाटलेले दिसले तर पात्रात अजिबात उतरू नका, तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाण्याचा लोंढा येऊ शकतो.

सामान थोडंच लागतं. उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी धरा, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट, आणि दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, ते मात्र विसरू नका. निघण्याआधी बुटांचे तळ आणि मोजे ब्रशने साफ करा. अमेरिका-मेक्सिकोच्या सोनोरन वाळवंटात चाऱ्यासाठी आणलेलं बफेलग्रास पसरलंय, ते सुकलं की पेटतं, आणि तिथल्या सग्वारो निवडुंगांना आगीची सवयच नाही. असलं बी मोज्याला चिकटूनसुद्धा प्रवास करतं.

पहाटे उजाडताच सुरुवात करा. एक तर ऊन कमी, आणि दुसरं म्हणजे बऱ्याच रसाळ (म्हणजे पाना-खोडात पाणी साठवणाऱ्या) झाडांची पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, रात्री उघडी असतात, पाणी उडू नये म्हणून ती कार्बन डायऑक्साइड रात्रीच घेऊन ठेवतात आणि दिवसा दारं लावून त्यावर काम करतात. गाईडला हे विचारा, चांगला गाईड यावर अर्धा तास बोलेल.

आपण काटेरी दिसलं की सगळ्यालाच निवडुंग म्हणतो, पण खरा कॅक्टस आणि त्याच्यासारखंच दिसणारं युफोर्बिया (आपल्याकडचे शेर, थोर त्यातलेच) यांचा जवळचा काही संबंध नाही. कॅक्टसचे काटे एका छोट्या लवदार गादीतून निघतात, ती गादी भिंगातून शोधा. युफोर्बियात ती नसते, आणि मोडलं की पांढरा चीक येतो, पण बघायला म्हणून मोडू नका, चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

आणखी एक सवय लावून घ्या, प्रत्येक झुडपाखाली वाकून बघा. सग्वारोचं रोप दहा वर्षांत दोन इंचही होत नाही कधी कधी, आणि ते बहुतेक दुसऱ्या झाडाच्या सावलीतच जगतं. म्हणून फोटोसाठी झुडपाच्या बुंध्याशी जाऊन उभं राहू नका प्लीज, पायाखाली काय येईल सांगता येत नाही.

फोटो भरपूर काढा, पण लोकेशन बंद ठेवून. हे मी कळकळीने सांगते. 2019 पासून दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटमसारख्या इवल्याशा रसाळ झाडांची चोरी प्रचंड वाढलीये, काही जाती एखाद्या टेकडीपुरत्याच उरलेल्या असतात आणि चोर ऑनलाइन फोटोंवरून जागा शोधतात. नोंद करायची तर आयनॅचरलिस्टवर (झाडं-प्राणी दिसल्याच्या नोंदी करायचं ॲप) करा, धोक्यातल्या बऱ्याच जातींची नेमकी जागा ते आपोआप लपवतं, आणि शंका असेल तर तुम्ही स्वतः लपवू शकता. बी, पडलेला तुकडा, काही म्हणजे काही उचलायचं नाही. जवळजवळ सगळं कॅक्टस कुळ साइट्स (CITES) या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतं, सीमेपलीकडे न्यायला बहुतेक वेळा परमिट लागतं. विकत घ्यायचं झालं तर नर्सरीत बियांपासून वाढवलंय का हे विचारूनच घ्या.

आणि जमलं तर त्याच वाटेवर पाऊस झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत जा, पहिल्या वेळी काढलेला एखाद्या उघड्या जागेचा फोटो सोबत ठेवा. वर्षानुवर्षं मातीत पडून राहिलेलं बी पुरेशा पावसाने उगवतं, आणि तीच जागा ओळखायला तो फोटो काढून बघावा लागतो.