सदस्यत्वाच्या खटल्यातली तज्ज्ञाची साक्ष: या चुका टाळा

यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्याच्या कलम ३८ खाली दहशतवादी संघटनेच्या सदस्यत्वाला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कलम २० खाली जन्मठेपेपर्यंत. अशा खटल्यात डोळ्यांनी काही पाहिलेला साक्षीदार बहुधा नसतो. मुद्देमालात असतात मोबाइल, पेन ड्राइव्ह, पत्रकं, डायऱ्या. त्यांचा अर्थ सांगणारा तज्ज्ञ चुकला तर माणसाची वर्षंच्या वर्षं तुरुंगात जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तज्ज्ञानेच निकाल देणं. ‘आरोपी हा सदर संघटनेचा सक्रिय सदस्य असल्याचे दिसून येते’ हे वाक्य अहवालात नकोच. पत्रकावरची खूण कुठली, फाइल उपकरणात कधी आली, हे तज्ज्ञाने जरूर सांगावं. सदस्य कोण हे न्यायालय ठरवेल. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका जामीन प्रकरणात स्पष्ट केलं, की कलम ३८ आणि संघटनेला पाठिंबा देण्याबद्दलचं कलम ३९ यांसाठी संघटनेच्या कारवाया पुढे नेण्याचा हेतू लागतो. तो हेतू कुठल्याच प्रयोगशाळेच्या अहवालात सापडत नाही.

भाषांतराकडे तर फार दुर्लक्ष होतं. एका खटल्यात जप्त डायरीतलं वाक्य होतं, ‘रविवारचा कार्यक्रम ठरला, माणसं जमव.’ इंग्रजी भाषांतरात ‘कार्यक्रम’चं ‘ऑपरेशन’ झालं होतं. उलटतपासात वकिलांनी भाषांतरकाराला मूळ डायरी हातात दिली आणि पुढची ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. ओळ होती, ‘सतरंज्या कमी पडतील.’ ती ओळ भाषांतरात आलीच नव्हती. मूळ मजकूर शेजारी ठेवा, मागचापुढचा मजकूर गाळू नका, आणि शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही लिहा. एखादा शब्द सांकेतिक आहे असं म्हणायचं असेल, तर तो त्याच अर्थाने आणखी कुठे आलाय ते दाखवा.

अभिप्राय कशावरून दिला ते न सांगणं ही तितकीच घातक चूक. २००९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की तज्ज्ञाने न्यायालयापुढे आपली सामग्री आणि निष्कर्षाची कारणं ठेवायला हवीत, म्हणजे न्यायाधीशांना स्वतः पडताळून पाहता येईल. तपास अधिकाऱ्याने पुरवलेलं टिपण वाचून दिलेला अभिप्राय म्हणजे तपास अधिकाऱ्याचंच म्हणणं, दुसऱ्या तोंडून. सरकारी वकिलांनी साक्षीआधी तज्ज्ञाला हे विचारून घ्यावं. नाहीतर बचाव पक्ष विचारणारच आहे.

तारखाही सांभाळा. संघटना फुटतात, नावं बदलतात. संघटना यूएपीएच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे दहशतवादी संघटनांच्या यादीत, येण्याआधी माणूस सदस्य झाला होता आणि त्यानंतर तिच्या कारवायांत त्याने भाग घेतला नाही, हे त्याने सिद्ध केलं तर कलम ३८ लागू होत नाही. तेव्हा संघटनेची आजची ओळख जुन्या काळाला चिकटवणारा अहवाल न्यायालयाची थेट दिशाभूल करतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय. त्याचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून गणिताने निघणारा तिचा ठसा, नोंदवायची. जप्तीच्या पंचनाम्यातली हॅश प्रयोगशाळेतल्या हॅशशी जुळते का, ते साक्षीला उभं राहण्याआधीच बघा. पण जुळणाऱ्या हॅशवरून नक्कल मुळाबरहुकूम आहे एवढंच कळतं. फाइल तिथे कुणी ठेवली, कुणी उघडली, हे त्यातून कळत नाही. बाहेरून कुणी उपकरणात शिरलं होतं का, हा वेगळा तपास आहे. तो केलेला नसेल तर ‘केलेला नाही’ असं अहवालातच लिहावं.

बचाव पक्षाची नेहमीची चूक म्हणजे अहवालाला निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक) पडताना गप्प बसणं आणि युक्तिवादात मग तक्रार करणं. फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ३२९ प्रमाणे ठराविक सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचा अहवाल त्यांना न तपासताही पुराव्यात वाचता येतो. त्यांना बोलावून तपासण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. तसा अर्ज वेळेत द्या, आणि अहवालातलं कुठलं विधान तपासायचंय ते त्यात नेमकं लिहा.