यादी, मागचं दार आणि परत फिरायची मोकळीक

मुख्याध्यापिका होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. सहावीची सहल सिंहगडाला गेली होती. आतकरवाडीतून चढून, वर पिठलं-भाकरी खाऊन मुलं उतरली. संध्याकाळी सरांचा फोन आला, "चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस, निघालो." मी ऑफिसातच थांबले होते. आता पर्स उचलली, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. कोणी अनोळखी बाई होत्या. "तुमच्या शाळेचा एक मुलगा आमच्या बसमध्ये बसलाय."

मी ठणकावून सांगितलं, "शक्यच नाही. आमची सगळी मुलं आहेत." त्यांनी शांतपणे ओळखपत्रावरचं नाव वाचून दाखवलं. माझ्या समोरच्या यादीत ते सतराव्या क्रमांकावर होतं.

झालं होतं असं. पायथ्याला दोन शाळांच्या पांढऱ्या बस शेजारी उभ्या होत्या आणि ह्या मुलाचा मावसभाऊ त्या दुसऱ्या शाळेत. गप्पा मारत तो तिकडेच चढला. आमच्या सरांनी आपल्या चौथीतल्या मुलाला सोबत नेलं होतं. यादीत तो नव्हता, पण डोकी मोजताना तोही मोजला गेला. एक कमी, एक जास्त, बेरीज बरोबर! डोणजे फाट्यावर बस थांबवून पोरगा परत घेतला. हातात अर्धा पेरू, त्याला कशाचा पत्ता नाही.

चूक सरांची म्हणावी, तर मुलाला नेऊ का हे त्यांनी मला विचारलं होतं आणि मी "न्या की" म्हणाले होते. नव्याने खुर्चीवर बसणाऱ्यांना मी म्हणूनच हा किस्सा आधी सांगते. सहलीतल्या बहुतेक चुका सहल निघायच्या आधी, आपल्या टेबलावर होतात.

तेव्हापासून आमच्याकडे डोकी मोजत नाहीत, नावं वाचतात. परीक्षेच्या पॅडला यादी लावायची, प्रत्येक थांब्याला एक रकाना, आणि मुलानं स्वतः "हजर" म्हणायचं. शेजारच्यानं त्याच्या वतीनं ओरडलं तर चालत नाही. दहा मुलांमागे एक मोठा माणूस, आणि त्याला आपल्या दहा जणांची नावं पाठ हवीत. शिक्षकांची मुलं, भाचे-पुतणे कोणी नाही. यादीची एक प्रत शाळेत राहते, पालकांच्या नंबरांसकट. मीही मुलं घरी पोचेपर्यंत शाळेत राहते.

बसच्या बाबतीत मी एसटीला झुकतं माप देते. प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी बस ठरवून घेतली की, शालेय सहलीला निम्मी सवलत मिळते, शिवाय चालक महामंडळाचा असतो. डिसेंबर-जानेवारीत बस मिळणं मात्र मुश्कील, तेव्हा आगारात लवकर जा. खाजगी बस घ्यावी लागली तर फिटनेस, परमिट, विमा, लायसन्स हे सगळे कागद बघतात. मी त्याशिवाय दोन गोष्टी करते. एक, मागचं संकटकाळी उघडायचं दार स्वतः उघडून बघते. एकदा तिथे स्टेपनी आणि दोन सतरंज्या रचलेल्या होत्या; कडी इतकी गंजलेली की क्लीनरला हातोडी आणावी लागली. दुसरी, चालकाला चहा देऊन विचारते, "काल रात्री कुठे होतात?" सहलींच्या मोसमात रात्रीची कोकणची ट्रिप उतरवून सकाळी सहाला आपल्या दारात उभा राहणारा माणूस असतो. तो खोटं बोलत नाही, फक्त त्याला कोणी विचारलेलं नसतं.

पाण्याबद्दल मी वाद घालत नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. तरी दरवर्षी कोणीतरी उत्साही शिक्षक "नुसते पाय ओले करू" म्हणून येतोच. पाय ओले करायला शाळेत नळ आहे, असं मी म्हणते, आणि विषय संपतो. तोच खडूसपणा धरणाच्या बॅकवॉटरला आणि नदीकाठालाही.

जागा सुरक्षित असली तरी तिची आपली एक अडचण असते. खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे माझी आवडती सहल. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, नारायणगावजवळ मोकळ्या शेतांत पसरलेल्या. पण आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरींत मोबाईलचा अडथळा येतो, म्हणून तिथे फोन बंद. म्हणजे दोन-अडीच तास तुमचा शिक्षकांशी संपर्क नाही. हे आधी लक्षात आलं तर आत जाताना एक फोन आणि बाहेर पडताना एक, असं ठरवता येतं. नाहीतर इकडे तुम्ही आणि तिकडे पालक, दोघांचाही जीव टांगणीला.

आणखी एक गोष्ट मी निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या शिक्षकांसमोर बोलते: "वाटेत काही बरं वाटलं नाही तर परत फिरा. मी का म्हणून विचारणार नाही." हे मोठ्यानं म्हणावं लागतं. मनात असून उपयोग नाही, कारण पैसे वाया गेले तर बाई काय म्हणतील, या धाकानंच माणसं पुढे रेटतात.

शिवनेरीच्या सहलीत ते कामी आलं. आमच्या एक बाई, नोकरीचं पहिलंच वर्ष. गणेश दरवाजाच्या पुढे मुलं चढत होती आणि वरून उतरणारे लोक सांगत होते की आग्या मोहळ उठलंय. शिवनेरीच्या कड्यांवर ही मोहळं नेहमीची. कुणी धूर केला की उठतात. बाईंनी मला फोन केला तेव्हा त्या मुलांना घेऊन निम्म्या पायऱ्या उतरल्याही होत्या. विचारायला नव्हे, कळवायला केला होता फोन.

पुढच्या पालकसभेत एक बाबा उभे राहिले. "गड न बघताच मुलं परत आणली. मग आमचे पैसे?" मी एसटीची पावती आणि जेवणाचा हिशेब टेबलावर ठेवला. माणशी पंधरा रुपये उरले होते. ते पाकिटात घालून तयारच ठेवले होते. त्यांनी मोजून घेतले.