लॉड्झ घेट्टोचं नाणं समोर आलं तर ते कसं तपासायचं आणि कसं सांभाळायचं

ऑनलाइन लिलावात कधीकधी एक राखाडी, फारच हलकं नाणं दिसतं, त्यावर सहा टोकांचा तारा, 1943 साल आणि GETTO... म्हणजे रोमन लिपीत गेट्टो, पण इंग्लिशमधला एच त्यात नाही. सेलर 'दुसऱ्या महायुद्धातलं दुर्मिळ नाणं' एवढंच लिहितो. आपल्याकडे परदेशी नाणी जमवणारे खूप आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, आणि आधीच सांगतो, किंमत विचारायच्या आधी हे कुठून आलंय ते समजून घ्या.

जर्मनांनी पोलंडमधलं लॉड्झ शहर ताब्यात घेऊन त्याचं नाव लिट्झमानश्टाट केलं आणि 1940 च्या वसंतात तिथे सुमारे 1 लाख 60 हजार ज्यूंना एका वस्तीत, म्हणजे घेट्टोत, कोंडून बाहेरून कुंपण घातलं. आत शिवणाचे, चपला-बुटांचे, लाकूडकामाचे वर्कशॉप उभे राहिले, जर्मन सैन्याचे गणवेश इथेच शिवले जायचे, थंडीसाठी गवताचे बूट विणले जायचे, लहान मुलंसुद्धा कामाला. लोकांकडची खरी चलनं काढून घेतली आणि बदल्यात ह्या घेट्टोच्या नोटा दिल्या, नंतर नाणी. मजुरी ह्यातच मिळायची आणि रेशनही ह्यातच घ्यायचं, पण कुंपणाबाहेर त्याला शून्य किंमत, त्यामुळे बाहेरून चोरून अन्न आणायचं तरी कशाने? भूक आणि आजाराने आतच 40 हजारांहून जास्त माणसं गेली. बाकीच्यांपैकी बहुतेकांना खेल्मनो आणि आउशवित्झ ह्या मृत्युछावण्यांत नेऊन मारलं. सप्टेंबर 1942 मध्ये तर काम न करू शकणारे म्हणून लहान मुलं, म्हातारे आणि आजारी लोक उचलले. हे नाणं म्हणजे त्या लोकांच्या मजुरीचा मोबदला आहे, म्हणून ते हातात धरताना मला तरी नुसतं 'कलेक्शनचा पीस' म्हणवत नाही.

आता तपासणी. खरं सांगायचं तर बाजारात नकली माल भरपूर आहे. पहिल्यांदा मजकूर वाचा. एका बाजूला 'क्विटुंग युबर' आणि पुढे 5, 10 किंवा 20 मार्क, म्हणजे इतक्या मार्कांची पावती, आणि त्याच्याबरोबर 'लिट्झमानश्टाटमधल्या ज्यूंचा प्रमुख' अशा अर्थाचा जर्मन मजकूर. हा प्रमुख म्हणजे जर्मनांनी नेमलेला खाइम रुमकोव्स्की. 10 फेनिगचं (100 फेनिग म्हणजे एक मार्क) छोटं नाणं 1942 चं आहे. नोटांवर 15 मे 1940 तारीख असते आणि त्या 50 फेनिगपासून 50 मार्कांपर्यंत आहेत.

मग लोहचुंबक लावा. चिकटलं तर विषय संपला, कारण अस्सल नाणी ॲल्युमिनियमची किंवा मॅग्नेशियम मिसळलेल्या हलक्या धातूची आहेत. त्यानंतर वजन. नाणं पाण्यात बुडवून घनता काढायची पद्धत इथे वापरू नका, मॅग्नेशियमला पाणी सोसत नाही. व्हर्नियरने व्यास आणि जाडी घ्या, त्यावरून आकारमान काढा आणि सोनाराकडे असतो तसल्या बारीक काट्यावर वजन करा. समजा 28 मिलिमीटर व्यास आणि 2 मिलिमीटर जाडीची चकती आहे, तर आकारमान साधारण 1.23 घन सेंटिमीटर, ती ॲल्युमिनियमची असेल तर 3.3 ग्रॅमच्या आसपास भरेल, मॅग्नेशियमची असेल तर 2.1, आणि जस्ताची नक्कल असेल तर थेट पावणेनऊच्या जवळ जाईल. नाण्यावर उठाव असल्यामुळे हिशोब थोडा सैल येतो पण एवढा फरक लपत नाही.

शेवटी भिंग घेऊन कडा बघा. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर बऱ्याचदा जोडाची बारीक रेघ दिसते, नाण्याच्या मोकळ्या सपाट भागात बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि अक्षरं भिजलेल्या साबणासारखी गोलसर झालेली असतात. ठशाने पाडलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा धारदार येतात, अर्थात वापराने झिजलेलं असू शकतं. एवढं सगळं जुळलं तरी ते अस्सल आहे असं घरी बसून ठरवू नका, हल्ली चांगल्या नकलाही ठशानेच पाडतात, जाणकाराला दाखवाच.

सांभाळायचं म्हणाल तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुसू नका, घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी काही नाही!! मॅग्नेशियम आम्लात चक्क विरघळतं. आणि कुणी सांगितलं की कडेला जरा काडी लावून बघ, तर अजिबात ऐकू नका, हा धातू पेट घेतो. मुंबई-कोकणातली खारट दमट हवा ह्याची वैरी आहे, पावसाळ्यात पांढरी भुकटी यायला लागते. म्हणून पीव्हीसीचे मऊ पाऊच टाळून मायलरचं (पॉलिएस्टर प्लास्टिकचं) पाकीट घ्या, हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, पुड्या ओलावल्या की बदला, नाणं कडेने धरा.

विकत घ्यावं का? माझं स्पष्ट मत, कुठून आलं हे सेलर सांगू शकत नसेल तर घेऊ नका, मागणी वाढली की नकली मालच वाढतो. पण घरात आधीपासून असेल, किंवा कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत सापडलं असेल तर कुठून, कधी, कुणाकडून आलं ते आत्ताच लिहून त्याच्याबरोबर ठेवा, सांगणारं माणूस आहे तोवर. मग दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन, व्यास आणि हा इतिहास असं सगळं जेरुसलेमच्या याद वाशेम ह्या ज्यूंच्या संहाराच्या स्मारक-संस्थेला किंवा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमला ईमेलने पाठवता येतं. बाजारभाव सांगणं हे अशा संस्थांचं काम नाही, त्यामुळे तो विचारू नका, दान द्यायचं असेल तर तसं पहिल्याच ओळीत लिहा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत नाणं कुरिअरने पाठवू नका.