दीड प्लायवूडमध्ये होडी: तांब्याच्या तारेनं शिवून घरीच कशी बनवायची

धरणाच्या काठाला राहून पण आपल्याकडं होडी म्हटलं की लोकांना गोवा आठवतो, नाहीतर ऑनलाइन मिळणारा फुगवायचा कयाक, जो एका बाभळीच्या काट्यात संपतो. एकट्या माणसाला बसायची, बारा फुटी, सपाट तळाची होडी साधारण दीड शीट प्लायवूडमध्ये आरामात होते आणि त्याला जिगसॉ, ड्रिल, पक्कड, पॉलिश पेपर एवढंच लागतं. मच्छीमारीला नाही हां, नुसती हौसेनं फिरायला.

आता लाकूड शिवायचं म्हणलं की लोक हसतात, पण जुनी पद्धत तीच आहे. अजिंठ्याच्या चित्रात जे जहाज आहे ना, त्याच्यावरून नौदलानं अख्खं जहाज बांधून घेतलं, आयएनएसव्ही कौंडिण्य, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल पण झालं. तिकडं इंग्लंडात १९६३ ला मिरर नावाची छोटी शिडाची होडी आली, टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा बॅरी बकनेल आणि होड्यांचा डिझायनर जॅक होल्ट यांनी केलेली, तिच्यात प्लायवूडचे पॅनल तांब्याच्या तारेनं शिवून वरून फायबरग्लासची, म्हणजे काचेच्या धाग्यांची, टेप मारायची, आणि लोकांनी घरोघरी अशा हजारो बनवल्या. आपण करणार आहोत ती हीच पद्धत, फक्त तार आपण मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून घेणार, ते दुकान आपल्याकडं प्रत्येक गावात आहेच, जेवढे बोअर तेवढ्या मोटरी जळतात.

तसं बघितलं तर ह्या सगळ्या पाण्यातल्या खेळांचं सामान जवळ जे मिळालं त्यातूनच झालेलं आहे. आर्क्टिकमध्ये झाड नाही म्हणून वाहून आलेल्या लाकडाच्या नाहीतर हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणलं, तो कयाक. अमेरिकेत मिनेसोटात राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या पोरानं १९२२ ला पाण्यावर स्की करायचं ठरवलं, आधी पिंपाच्या फळ्या लावून बघितल्या, मग बर्फावरच्या स्की, शेवटी पाइनच्या फळ्या आणून त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून वाकवली आणि त्याच्यावर उभा राहिला. हवाईचे लोक सर्फबोर्ड ज्या हलक्या विलीविली लाकडाचा करायचे ते झाड आपल्या पांगाऱ्याच्याच वंशातलं आहे, आणि पांगाऱ्याचा ओंडका पाठीला बांधून आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकलेली माणसं अजून सापडतील. पुरात गुळाच्या काहिलीत बसून ओढा ओलांडतात तो पण ह्याच घराण्यातला प्रकार, फक्त गोल असल्यामुळं ती सरळ जात नाही.

सामानाचं बघू. प्लाय घ्यायचा मरीन ग्रेडचा, ६ एमएम, आठ बाय चारचा, शीटवर आयएस ७१० छापलेलं असतं ते बघूनच घ्या, कारण साध्या कमर्शियल प्लायचा डिंक पाण्यात सुटतो आणि दुसऱ्या सीझनला होडीचा पापड होतो. दुकानदार म्हणतोच, हा पण वॉटरप्रूफच आहे की दादा. घेऊ नका. तार १८ गेजची. रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारा चिकट द्रव, एपॉक्सीच पाहिजे. फायबरचे दरवाजे, टाक्या बनवणाऱ्यांकडं जे स्वस्त रेझिन असतं ते पॉलिएस्टर, ते लाकडाला नीट धरत नाही, वर्षभरात पापुद्रा निघतो. फायबरग्लासची तीन इंची टेप, नाही मिळाली तर फायबरग्लासच्याच कापडाच्या पट्ट्या कापायच्या. मोठ्या एमआयडीसीच्या आसपास फायबरचं काम करणारे असतात, त्यांच्याकडं विचारायचं, सुटं पण देतात.

शीट चार फूट म्हणजे ४८ इंच रुंद. त्यात दोन बाजू १२-१२ इंचाच्या आणि उरलेल्या २४ इंचात तळ, हिशोब बरोबर बसतो. लांबीला एक पूर्ण शीट आणि दुसरीचा साडेचार फुटाचा तुकडा, दोन्हीची टोकं एकमेकाला भिडवून आतून सहा इंच रुंद प्लायची पट्टी एपॉक्सीनं चिटकवायची आणि रात्रभर वजन ठेवायचं. बाजूंचा जोड एका टोकाकडं आणि तळाचा दुसऱ्या टोकाकडं येऊ द्या, सगळे जोड एकाच जागी आले की तिथंच मोडती.

इथं एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तळ आधी आकारात कापायचाच नाही. आधी मधला साचा करा, खाली २२ इंच, वर ३० इंच, उंची १२, म्हणजे बाजू बाहेरच्या अंगाला कलत्या येतात. मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ह्या साच्याला मध्यावर स्क्रूनं पकडायच्या आणि टोकं एकमेकाकडं ओढत आणायची, हे दोन माणसांचं काम आहे, भाऊ नाहीतर शेजारी कुणीतरी बोलवा, टोकाला एक-एक सेंटिमीटर आत भोकं पाडून तार ओवायची आणि बाहेरून पक्कडीनं पीळ द्यायचा. सरळ पट्टी कलती वाकवली की खालची कड आपोआप थोडी वर उचलते आणि होडीला तो बाक येतो ज्याच्यामुळं ती वळते. आता हे उलटं ठेवा, टोकापासून टोकापर्यंत सुतळी ताणून बघा, साच्याचा मध्य बरोबर सुतळीखाली आला पाहिजे, होडीला पीळ असंल तर आत्ताच काढा, नंतर देव पण काढू शकत नाही. मग तळाचा प्लाय वर ठेवून दाबून पेन्सिलनं कड मारायची, अर्धा इंच जास्त ठेवून कापायचं, आणि दर सहा इंचाला भोक पाडून शिवत जायचं, टोकाकडं तीन-तीन इंचाला. आधी सगळे टाके ढिले घ्या, मग मधून टोकाकडं आवळत जा.

एपॉक्सीचं काम म्हणजे खरी परीक्षा, आणि ती आपल्या उन्हाळ्यात जास्तच. ४२ डिग्रीत एक मगभर रेझिन कालवलं तर ते हातातच गरम होऊन धूर सोडायला लागतं आणि दगड होतं. म्हणून शंभर-शंभर ग्रॅमच कालवायचं, कालवलं की लगेच पसरट ताटात ओतायचं, आणि काम पहाटे सहा ते नऊ. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त टाकायचा हे डोक्यातून काढा, रंगाचं गणित इथं चालत नाही, डब्यावर जे माप दिलंय तेच, वजनकाट्यावर. हातमोजे घाला, अंगाला लागलं तर खाज सुटती आणि काहींना कायमची अॅलर्जी होते. आतल्या कोपऱ्यांसाठी रेझिनमध्ये सॉ मिलचा बारीक चाळलेला भुसा मिसळून घट्ट श्रीखंडासारखं करायचं आणि चमच्याच्या पाठीनं गोलाई देत भरायचं, आधी टाक्यांच्या मधेमधे, ते वाळलं की तारा काढून घ्या (अडकली तर गरम खिळा टेकवा, सुटते) आणि मग सलग. त्याच्यावर टेप, टेपवर रेझिन, टेपचा पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसेपर्यंत ब्रशनं दाबत राहा. उलटी करून बाहेरची कड गोल घासा आणि तिथं पण टेप. सगळीकडून दोन हात रेझिन, मग रंग मात्र मारावाच लागतो, उन्हानं एपॉक्सी पिवळी पडून खराब होते.

वरच्या कडेला सागाची बारीक पट्टी बाहेरून, मध्यावर साच्याच्या जागी प्लायची चौकट, बसायला तळावरच दोन इंचाची गादी. उंच फळी लावून बसलात की कलंडायची हमी. वल्हं सोपं, आठ फुटी वाळलेला वेळू, दोन्ही टोकाला उरलेल्या प्लायची पाती.

बुडंल का, हे सगळेच विचारतात. ही होडी एक सेंटिमीटर खाली गेली की साधारण १३-१४ लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तेवढेच किलो पेलते. तुम्ही ७० आणि होडी २८ धरली तर सात-आठ सेंटिमीटर, बाकामुळं अजून थोडं, तीन-चार इंच समजा. बारा इंचातलं बाकीचं वरच राहतं. पण पाणी भरलं तर? म्हणून दोन्ही टोकांत तेलाचे पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन, झाकण घट्ट, चार-चार, नायलॉन दोरीनं बांधून टाका, म्हणजे भरली तरी तळाला जात नाही.

लाइफ जॅकेट वजनाप्रमाणं मापाचं आणि पट्टे लावून. इंग्लंडात १८५४ ला बचाव बोटवाल्यांसाठी बुचाच्या तुकड्यांचं जॅकेट निघालं, नंतर त्यात पांढऱ्या सावरीचा कापूस भरायचे, आता फोम असतो. विहिरीत पाठीला भोपळा ठीक आहे, वर काका बसलेला असतो दोर धरून. धरणावर नाही.

पहिल्यांदा कमरेएवढ्या पाण्यात न्या आणि मुद्दाम उलटी करा, परत सरळ करून पाणी काढून बघा. नाथसागरावर (जायकवाडी धरणावर) न्यायची असंल तर तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, वन खातं आणि पाटबंधारे दोघांना विचारल्याशिवाय उतरू नका, आणि दुसरं कुठलं धरण असलं तरी गेटच्या बाजूला जायचंच नाही. दुपारी वारा सुटतो म्हणून सकाळीच, आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे येताना दमलेल्या हातांना तोच ढकलतो. फेब्रुवारीनंतर पाणी मागं सरकून काठाला मांडीएवढा गाळ लागतो, तवा सप्टेंबर ते डिसेंबर हा तिचा टाइम, बाकी वर्षभर गोठ्यात उलटी टांगून ठेवा, खाली विटा लावल्या तर उंदीर घर करतात.